मदत हवी आहे: जुन्या घराला डबल ग्लेझिंग (दुहेरी काचेच्या खिडक्या) करून घ्यावं का? (इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

आम्ही रेडिंगला राहतो. घर १८९० च्या दशकातलं, लाल विटांचं, टेरेस्ड (शेजारच्या घरांना चिकटून ओळीत असलेलं). पुढच्या चारही खिडक्या मूळच्या लाकडी सॅश आहेत, एकेरी काचेच्या, वर-खाली सरकणाऱ्या. दिसतात फार सुंदर. पण हिवाळ्यात सकाळी पडदा सरकवला की काचेवरून पाणी ओघळत असतं आणि चौकटीच्या कोपऱ्यात काळी बुरशी. पुसते, पुन्हा येते. हीटिंग बंद केलं की तासाभरात खोली गार.

नोव्हेंबरात आई-बाबा नाशिकहून येतायत, चार महिने राहतील. बाबांना दमा आहे आणि त्यांची खोली नेमकी पुढची. म्हणून घाई.

एका कंपनीचा माणूस खिडक्या बघून गेला. चारही काढून यूपीव्हीसीच्या (कडक प्लॅस्टिकच्या चौकटीच्या) डबल ग्लेझिंगच्या बसवायला ६,००० पौंड सांगितले, वर 'बिल निम्मं होईल' म्हणाला. हे काही पटत नाही. आमच्या भिंती नऊ इंची भरीव विटांच्या, मध्ये पोकळी नाही. ऊब तिथून जाते, छतातून जाते, खालच्या लाकडी फळ्यांच्या फटींतूनही जाते. आणि सव्वाशे वर्षं टिकलेलं लाकूड कचऱ्यात टाकायला माझा जीव होत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे सॅशला ब्रशच्या पट्ट्या लावून फटी बुजवायच्या आणि आतून सेकंडरी ग्लेझिंग, म्हणजे मूळ खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूने आणखी एक काच. गल्ली कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपायचं म्हणून राखलेल्या भागात) आहे, त्यामुळे बाहेरून काही न बदलणंच सोपं पडेल. कुणी केलंय का? दोन काचांच्या मध्ये पाणी धरतं का? आणि बुरशी खरंच थांबते का?

---

ताई, आमच्या ब्रिस्टलच्या घरात सेकंडरी ग्लेझिंगला तीन हिवाळे झाले. मूळ खिडक्या ठेवा. मध्ये पाणी धरू नये म्हणून आतली काच घट्ट बसली पाहिजे, बाहेरच्या सॅशला मात्र थोडी हवा खेळू द्यायची. आम्ही आधी उलटं केलं होतं, मध्ये धुकं साचायचं.

बुरशीचं मूळ मात्र घरातल्या दमट हवेत आहे. आज काच सगळ्यात थंड म्हणून पाणी तिथे दिसतं. काच उबदार झाली की तेच पाणी कपाटामागच्या भिंतीवर धरेल. बाबांसाठी आधी स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा, त्या खोलीत कपडे वाळत घालू नका, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. एवढं नोव्हेंबरच्या आत सहज होईल.