मदत हवी आहे: जेवणानंतरची पोटदुखी आणि सीटी अँजिओग्राफी

नमस्कार. नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या ७१ वर्षांच्या वडिलांना जेवल्यानंतर साधारण अर्ध्या तासाने पोटात असह्य कळा येतात, आणि त्या धास्तीने ते आता अर्धी पोळी खाऊन ताट बाजूला सारतात. चार महिन्यांत नऊ किलो वजन घटले आहे. एंडोस्कोपीत काहीच न आढळल्याने इतके दिवस अ‍ॅसिडिटीच्याच गोळ्या चालू होत्या (सिगारेटची जुनी सवय कोणी विचारलीही नाही). आता दुसऱ्या डॉक्टरांनी आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्याची शंका घेऊन सीटी अँजिओग्राफी (शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) सांगितली आहे. मात्र क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) १.८, म्हणजे वाढलेले असल्याने त्या औषधाची, कॉन्ट्रास्टची, मूत्रपिंडाला त्रास होण्याची भीती वाटते. अशा स्थितीत कोणी आधी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घेतले आहे का, आणि ठाणे-वाशी परिसरातील रक्तवाहिन्यांचे अनुभवी सर्जन कृपया सुचवाल का?