चर्चा : लहान मुलांसाठी ‘पर्यावरणपूरक’ वस्तू नव्याने घ्याव्यात, की आहेत त्याच फिरवाव्यात?

विश्रामबागकर, सांगली (धागाकर्ता)

माझे म्हणणे आधीच स्पष्ट मांडतो, म्हणजे ज्यांना ते खोडून काढायचे आहे त्यांना सोपे जाईल. लहान मुलांच्या नावाने ‘इको-फ्रेंडली’ म्हणून सध्या जे विकले जाते, त्यातील बहुतांश वस्तू घेण्याची गरज नाही. झबली, दुपटी, पाळणा, स्टीलची वाटी आणि चमचा या वस्तू भावकीत आणि शेजारात जितक्या मुलांना पुरतील तितके चांगले. त्यांच्या जागी नवी ‘हिरवी’ वस्तू आणली की जुनी माळ्यावर जाते आणि नवीच्या निर्मितीचा भार वेगळा पडतो.

हा केवळ काटकसरीचा सूर नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २०१८ मध्ये पिशव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात फक्त हवामानबदलाचा निकष धरला तरी साधी सुती पिशवी निदान ५२ वेळा आणि जैविक कापसाची १४९ वेळा वापरावी, तेव्हा कुठे ती प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते, असे दिसले. जैविक कापसाचे उत्पन्न कमी धरल्यामुळे तिचा आकडा फुगला. मग जे झबले बाळाला जेमतेम तीन महिने अंगाला बसते, ते जैविक कापसाचे असले म्हणून काय साधले? मुलांच्या ‘बांबूच्या’ ताटल्यांची गोष्ट तर याहून वाईट आहे. बांबूची भुकटी मेलामाइन रेझिनमध्ये मिसळून बनवलेल्या या ताटल्या मुळात प्लॅस्टिकच असतात, आणि गरम अन्नात त्यांतून फॉर्मल्डिहाइड व मेलामाइन ही अपायकारक रसायने उतरू शकतात म्हणून युरोपीय संघाने २०२१ मध्ये त्यांच्या विक्रीविरुद्ध मोहीमच उघडली. गरम वरणभात वाढायला आजीच्या घरची स्टीलची ताटली कोणत्याही कसोटीवर सरस आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा की, बारशाला ‘हिरव्या’ भेटी देण्याची टूम बंद करावी, आणि लंगोटांसाठी जुन्या सुती साड्या व धोतरांकडे परत जावे.

कुपवाडची आई

ताटल्यांबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. मात्र लंगोटांचा प्रस्ताव मांडताना ते धुणार कोण, याबद्दल आपण एक अक्षरही लिहिलेले नाही, आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे.

शीचा लंगोट धुणे म्हणजे काय, ते सांगते. आधी शी संडासात झटकायची. मग लंगोट थंड पाण्यात खळबळायचा, कारण सुरुवातीलाच गरम पाणी घातले तर डाग पक्का बसतो. मग साबण लावून चोळायचा, आणि साबणाचा अंश राहिला तर बाळाच्या जांघेत पुरळ उठते म्हणून पुन्हा दोनदा स्वच्छ पाण्यातून काढायचा. तान्ह्या बाळाचे असे लंगोट दिवसाला दहा-बारा तरी होतात. आमच्याकडे औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणारी बाई पहाटे डबा करील, बाळाला पाजील की हे करील? पूर्वी हे काम सासू, नणंद किंवा धुणेवाली मावशी करीत असे; म्हणजे ते नेहमी कोणत्या तरी बाईच्याच हातून होत असे. डायपरने त्या हातांना मोकळीक दिली, याची नोंद पर्यावरणाच्या हिशेबात कुठल्या रकान्यात करायची?

माणदेशी

कुपवाडच्या ताईंच्या म्हणण्यात पाण्याची भर घालतो. म्हसवड, दहिवडी, पलीकडे आटपाडी आणि जत या भागातील अनेक वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात. पिण्याच्या पाण्याची कळशी मोजून घेणाऱ्या घराला ‘तीन पाण्यांतून लंगोट काढा’ असे सांगणे सांगलीत, कृष्णेच्या काठी बसून सोपे आहे.

तरीही आमच्याकडे डायपरचा खप शहराइतका नाही, आणि त्याचे श्रेय लंगोटालाही नाही. पोर घरात दिवसभर बहुतेक उघडेच असते. आई किंवा आजी पाय लांब करून, पोराला पायांवर बसवून, ठरावीक वेळी ‘शूऽऽ’ करून सवय लावते, आणि वर्षाच्या आत-बाहेर बऱ्याच पोरांना ती लागते. या पद्धतीत विकण्यासारखे काहीच नाही म्हणून तिची जाहिरातही कोणी करीत नाही. फरशी पुसावी लागते, एवढे खरे.

सातारा-हिशेबी

धागाकर्त्यांनी आकड्यांपासून सुरुवात केली आहे, तर लंगोटाचेही आकडे पाहावेत. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये बाळाच्या पहिल्या अडीच वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा डायपरचे कार्बन उत्सर्जन सुमारे ५५० किलो आणि धुऊन वापरायच्या नॅपीचे सरासरी सुमारे ५७० किलो निघाले. म्हणजे कापडाचा फायदा तर नाहीच, उलट किंचित तोटा. कापूस पिकवण्याचे पाणी आणि धुण्याची वीज धरली की जुने ते सोने हा भ्रम उतरतो.

विश्रामबागकर, सांगली

आपण त्याच अहवालाचा उत्तरार्ध गाळलात. यंत्र पूर्ण भरून धुतले, कपडे यंत्राऐवजी दोरीवर वाळवले आणि तीच नॅपी दुसऱ्या मुलाला वापरली, तर उत्सर्जन सुमारे २०० किलोंनी कमी होते, असेही तिथे नमूद आहे. शिवाय २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने हा हिशेब नव्याने करवून घेतला, त्यात धुऊन वापरायच्या नॅपीचे उत्सर्जन डायपरपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी निघाले. आपल्याकडे कपडे वाळवायचे यंत्र किती घरांत आहे? आणि जुन्या साडीचा लंगोट केला तर कापूस पिकवण्याचा भार दुसऱ्यांदा मोजण्याचे कारणच उरत नाही.

कुपवाडच्या ताईंना उत्तर इतकेच की, लंगोट धुणे हे बाईचे काम आहे असे मी कुठेही म्हटलेले नाही. बापाने धुवावेत.

पाटणकर

वाळवण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. दोरीवर वाळवा, हा सल्ला सांगली-मिरजेला लागू पडतो. कोयनेच्या खोऱ्यात, मेढ्यात किंवा महाबळेश्वराच्या पायथ्याला जुलैमध्ये तो निरर्थक आहे. आमच्याकडे आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. लंगोट शेगडीभोवती खुर्च्यांच्या पाठींवर टाकावे लागतात, तरी ते दमट राहतात, त्यांना कुबट वास येतो आणि तसाच बांधला तर बाळाला बुरशीचा संसर्ग होतो. पावसाळ्यात रात्री डायपर आणि उन्हाळ्यात लंगोट असा मधला मार्ग इथल्या घरांनी कधीच काढला आहे. त्यासाठी कोणाचा अहवाल वाचावा लागला नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या शाळांमधल्या निवारा केंद्रांत तान्ही बाळे घेऊन बसलेल्या बायांना कापडी लंगोटाचे महत्त्व पटवून द्यायला कोणी गेले असते, तर त्याचे काय झाले असते याचा विचार करावा.

मिरज-सुका-कचरा

मी कचरा वर्गीकरणाच्या कामाशी संबंधित आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडे बोचेल असे लिहितो.

डायपरमध्ये लाकडाचा लगदा, पाणी शोषणारे पॉलिमरचे दाणे आणि वरखाली प्लॅस्टिकचे थर असतात. वापरल्यावर त्याचे वजन अनेक पटींनी वाढते आणि त्यातली शी आपल्याकडे कोणीही संडासात टाकत नाही. घंटागाडीत ओल्या-सुक्याच्या मध्ये कुठेतरी तो गोळा येतो, पिशवी फाटते, आणि वर्गीकरण करणारी बाई उघड्या हाताने तो वेगळा काढते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत डायपर आणि सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यावेत, आणि त्यासाठी वेष्टण उत्पादकांनी पुरवावे, अशी तरतूद स्पष्ट होती. आपल्या घरातल्या पाकिटात असे वेष्टण कितीदा मिळाले, ते प्रत्येकाने आठवून पाहावे. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याची साधी पद्धत रुजवण्याचा प्रयत्न केला. लाल शाईचे पेन आणि जुने वर्तमानपत्र एवढेच त्याला लागते.

‘विघटनशील’ म्हणून दुप्पट भावाने मिळणाऱ्या डायपरबद्दल धागाकर्ते बरोबर आहेत. वनस्पतीपासून केलेले पॉलिलॅक्टिक आम्लाचे प्लॅस्टिक कुजायला साठ अंशांच्या आसपास तापमान राखणारा औद्योगिक खतप्रकल्प लागतो. घरच्या खताच्या बादलीत ते महिनोन्‌महिने जसेच्या तसे राहते, आणि समडोळी रोड किंवा बेडग रोडच्या डेपोवर तर ते इतर कचऱ्याखालीच जाते. मात्र लंगोटवाल्यांनीही लंगोटाचे पाणी कुठे जाते ते पाहावे. शहराचे सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्याचा प्रश्न सांगलीकरांना नव्याने सांगायला नको.

विश्रामबागकर, सांगली

शेरीनाल्याचा मुद्दा मला पटत नाही. त्या नाल्यात सगळ्या शहराचे सांडपाणी येते. बाळाची शी संडासात झटकली तर ती मोठ्या माणसांच्या मैल्याबरोबर जाते, आणि त्यावर प्रक्रिया होते की नाही हा महापालिकेला विचारायचा प्रश्न आहे. डायपरमधला मैला मात्र मुळात जिथे जायला नको तिथे, माणसाच्या हातांत जातो, हे आपणच लिहिले आहे.

शाहूपुरीची मावशी, सातारा

लंगोटाच्या वादात खेळण्यांचा मुद्दा राहून जाऊ नये. ‘आहे तेच फिरवा’ हा नियम सरसकट लावणे धोक्याचे आहे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, आणि खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. त्याआधीचे, रंगाचे पोपडे निघालेले लाकडी घोडे किंवा पांगुळगाडे केवळ मामाच्या घरचे आहेत म्हणून दात येणाऱ्या बाळाच्या हाती देऊ नयेत. ते बाळ तेच तोंडात घालणार. ओरखडे पडलेल्या जुन्या दुधाच्या बाटल्यांचेही तेच. इथे नवी वस्तू घेणे हीच शहाणी खरेदी आहे, मग तिच्यावर हिरवे पान छापलेले असो वा नसो. पाळणा, कपडे, पुस्तके आणि वाकळ मात्र खुशाल फिरवावीत.

विट्याची शिवणवाली

मी कापडी नॅपी शिवून विकते. या धाग्यात ‘विकत घेऊ नका’ असे इतक्या सहजपणे म्हटले जात आहे की, विकणाऱ्याच्या बाजूनेही कोणीतरी लिहिणे आवश्यक वाटले.

जुन्या साडीचा लंगोट एका शूमध्ये भिजतो आणि दुपटे, गादी, आईचा पदर सगळे ओले करतो. म्हणून तर बाया डायपरकडे वळल्या. मी शिवते त्या नॅपीला बाहेरून पाणी न झिरपणारे अस्तर आणि आत काढता-घालता येणारी सुती घडी असते. ती दोन-तीन तास निभावते आणि घडी वेगळी काढल्यामुळे लवकर वाळते. बटणे तीन मापांत लागतात, त्यामुळे तीच नॅपी तीन महिन्यांच्या बाळापासून दोन वर्षांच्या मुलापर्यंत चालते. ते अस्तर पॉलिस्टरचे आहे, हे मी गिऱ्हाइकाला लपवत नाही. एका डायपरला दहा-पंधरा रुपये धरा आणि महिन्याचा हिशेब करा. माझी नॅपी पहिल्या दिवशी महाग वाटते, पुढे वाटत नाही. धागाकर्त्यांच्या प्रस्तावाप्रमाणे बारशाच्या भेटी बंद झाल्या तर मोठ्या कंपन्यांचे काही बिघडणार नाही. माझ्यासारखीचे यंत्र मात्र थांबेल, कारण माझ्या मालाची निम्मी विक्री बारशाच्या भेटीतच होते.

कुपवाडची आई

ताई, तुमची नॅपी मी घेईनही, आणि बापाने धुवावेत हे धागाकर्त्यांचे वाक्य घरी वाचूनही दाखवीन. पण अडचण पुढेच आहे. मी ज्या ज्या पाळणाघरात चौकशी केली, तिथे प्रवेशाच्या वेळीच सांगण्यात आले की रोजचे डायपर मोजून द्यावे लागतील, कापडी चालणार नाही. सांभाळणाऱ्या एका बाईकडे इतकी बाळे असतात की तिला दोष देता येत नाही. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे बंधनकारक आहे, परंतु आमच्या वसाहतीतील बहुतेक कारखाने त्या संख्येच्या खालीच आहेत. दिवसाचे नऊ तास बाळ जिथे असते, तिथला निर्णय आईच्या हातात नसेल, तर तिच्या खरेदीवर एवढी चर्चा कशासाठी?

विट्याची शिवणवाली

पाळणाघराला वापरलेली नॅपी धुवायची नसते, फक्त बदलायची असते. चेन लावता येईल अशी पाणी न झिरपणारी पिशवी सोबत दिली की ओली नॅपी तिच्यात टाकून संध्याकाळी घरी परत येते. तुमच्या पाळणाघराच्या बाईंना एवढे विचारून पाहा. नकार आला तर नकाराचे कारण इथे लिहा, म्हणजे पिशवीत काय बदल करायचा ते मला कळेल.

कुपवाडची आई

सोमवारी विचारते. शीच्या नॅपीचे काय, हे त्या पहिल्या वाक्यातच विचारतील. त्याचे उत्तर आधी सांगून ठेवा.