'चश्मे बद्दूर': साईंचा की धवनचा?

गोदाकाठचा
नाशकातल्या कॉलेज रोडच्या आमच्या कट्ट्यावर यावरनं जुंपली आणि कुणी कुणाला बोलू देईना, म्हणून इथं मांडतो. साई परांजपेंचा १९८१चा 'चश्मे बद्दूर' आणि डेव्हिड धवनचा २०१३चा. गोष्ट तीच. खोलीवर राहणारे तीन मित्र. दोघं एका मुलीकडून हात हलवत परत येतात आणि खोलीवर येऊन थापा मारतात. तिसरा सरळमार्गी, तो तिच्या खरंच प्रेमात पडतो आणि या थापा त्याच्या मुळावर येतात.

दिल्लीचं गोवा केलं, याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्यात त्या थापाड्या दोघांतल्या जोमोची थाप दिसते ती फिल्मी गाण्यांच्या विडंबनातून. हिंदी सिनेमातल्या प्रेमाचीच साईंनी टर उडवली होती. रिमेकमध्ये तेच नाचणं-गाणं मनापासून केलंय. ज्याची टिंगल केली त्यालाच पाटावर बसवलं!

आणि तो चमकोचा प्रसंग. दीप्ती नवल साबणाची पावडर विकायला दारात, बादलीत फेस, फारूक शेख टॉवेल घेऊन अवघडून उभा. ती पाठ केलेली जाहिरात बोलतेय, त्याला काय बोलावं सुचत नाहीये. दोघांत घडत काहीच नाही, तरी आपण गालात हसत बसतो. एवढा निवांतपणा धवनच्या सिनेमात पाच मिनिटं तरी दाखवा.

सातपूरकर
काका, जुन्याचा शेवट परत बघा एकदा. आधी खोट्या अपहरणाचा बेत, मग खरेच गुंड पोरीला उचलतात, मग हाणामारी. धवनच्या सिनेमातलं रीळ चुकून इथं लागलं की काय असं वाटतं. त्यावर कुणी बोलत नाही, कारण साई आपल्या! आणि मोटरसायकलवरून पोरींच्या मागं फिरणं, थाप मारून घरात शिरणं... आज गंगापूर रोडला करून बघा, निर्भया पथक चहा पाजेल. रिमेक हा रिमेक म्हणून बघा ना, तुलना कशाला? अली जफर गोड आहे, ऋषी कपूर आणि लिलेट दुबेची जोडी तर जुन्यात नव्हतीच. मला तेवढ्यासाठी पैसे वसूल वाटले.

पंचवटीची पोर
तुलना कशाला म्हणे! ५ एप्रिल २०१३ला नवा लागला, त्याच दिवशी जुन्याची साफसूफ केलेली प्रतही थिएटरात लागली. तुलना करायला त्यांनीच बोलावलं. ऋषी कपूरचं मात्र मान्य.

पण दादा, पाठलागाचं म्हणताय तर जुन्यात ते दोघं दर वेळी तोंडावर पडतात. नेहा, म्हणजे दीप्ती नवल, स्वतः कमावते, गाणं शिकते, नको त्याला दारातून वाटेला लावते. रिमेकमधली तापसी बिचारी हसण्यापलीकडं काय करते, सांगा.

मखमलाबाद
मला दोन्हीपेक्षा लल्लन मियाँ आवडतो. सईद जाफरींचं ते पानाचं दुकान, सिगारेटची उधारी, रोज तगादा आणि रोज नवी सबब. पोरं कडकी आहेत म्हणून सिनेमा हसवतो. गोव्यातली पोरं कडकी वाटतच नाहीत, सुट्टीवर आलेली वाटतात. आता तर क्यूआर कोड आला, उधारी कोण देतंय?

मेसवरचा
कोण म्हणतं? आमच्या कॉलेजपाशी टपरीवर वही अजून आहे. माझ्या नावाचं पान आहे त्यात. 😅

द्राक्षबागाईतदार
जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. 'अशी ही बनवाबनवी' आवडतो ना? १९६६च्या हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून घेतलाय तो. मूळ सिनेमा किती जणांनी पाहिलाय? धनंजय माने मात्र शेंबड्या पोरालाही पाठ.

गोदाकाठचा
अहो, हे तर माझ्याच बाजूचं झालं! सचिननं १९८८ला ती गोष्ट पुण्यात आणली तेव्हा ती पुण्याचीच झाली. घरमालक आपले, भाड्याची बोंब आपली, अशोक सराफ-लक्ष्याचं बोलणं आपलं. धवननं गोव्यातून काय घेतलं? समुद्र. बाकी त्याच्या आधीच्या दहा सिनेमांत होतं तेच.

सातपूरकर
तीन पोरांचा धुडगूस बघायला गेलेल्याला तेवढं पुरतं हो. सगळ्यांनी गालातच हसायचं का? आमच्या कंपनीतली पोरं शिफ्ट सुटल्यावर गेली होती, खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. त्यांना चमको दाखवला तर झोपतील.

पंचवटीची पोर
झोपणार नाहीत. एकदा दाखवा तर खरं.

मेसवरचा
समजा आता इथं नाशकात काढला, तर नेहा काय विकेल? चमको कोण घेतंय?

मखमलाबाद
पाणी शुद्ध करायचं मशीन. गेटवर वॉचमन ॲपवरून फ्लॅटला विचारणार, पोरं झोपेत 'नाही' दाबणार. सिनेमा दहा मिनिटांत खलास.