इनॉक्युलेशन: डोळा, लस की विरजण?

प्रश्न

एका विज्ञानलेखमालेचं भाषांतर करते आहे. वनस्पतीशास्त्र, वैद्यक आणि सूक्ष्मजीवांचं जैवतंत्रज्ञान अशा तीन वाटांनी ती जाते आणि तिन्हींवर 'इनॉक्युलेशन' भेटतो. पहिल्या खर्ड्यात मी सरसकट 'लसीकरण' करून टाकलं. नंतर वाचायला बसले तर ही वाक्यं समोर आली:

"पेरणीपूर्वी सोयाबीनच्या बियाण्याचं लसीकरण केल्यास मुळांवर गाठी चांगल्या येतात."

"आगरच्या बशीचं लसीकरण करून ती ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवावी."

"साल सहज सुटत असेल तेव्हाच गुलाबाचं लसीकरण करावं." (हा अठराव्या शतकातल्या बागकामाच्या मजकुरातला उतारा आहे.)

गुलाबाला नेमकी कसली लस दिली, असं संपादकांनी समासात लिहून पाठवलं. हसून झालं, पण प्रश्न उरलाच. त्यांचा आग्रह आहे की एका इंग्रजी संज्ञेला संपूर्ण पुस्तकात एकच मराठी शब्द हवा. असा शब्द आहे का?

प्रतिसाद १

संरोपण. तिन्ही ठिकाणी चालेल. प्रश्न मिटला.

प्रतिसाद २

मिटला नाही हो. 'संरोपण' वाचून वाचकाला काय दिसणार? काहीच नाही. फार तर 'वृक्षारोपण' आठवेल आणि त्याला वाटेल की कुठेतरी खड्डा खणला आहे. भाषांतरकाराचं काम झालं, वाचकाचं तिथून सुरू झालं, अशातला हा शब्द.

प्रतिसाद ३

मी काही वर्षं रोपवाटिकेत काम केलं आहे, म्हणून गुलाबापुरतं बोलतो. तिसऱ्या वाक्यात चूक झाली असली तरी सगळ्यात जुना अर्थ तिथेच दडला आहे. लॅटिनमध्ये 'ऑक्युलस' म्हणजे डोळा, आणि झाडाच्या अंगावरची कळी म्हणजेही डोळाच. 'इनॉक्युलारे' म्हणजे एका झाडाचा डोळा दुसऱ्यात बसवणे. आता मराठीत या कामाला काय म्हणतात? डोळा भरणे! कोणी कोणाकडून घेतलेलं नाही, दोन्हीकडच्या माळ्यांना कळीत डोळाच दिसला. आपल्याकडे उसालाही डोळा असतो, बटाट्यालाही असतो, आणि तो 'फुटतो' म्हणजे अपघात होत नाही, कोंब येतो.

काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे क्रियापद का 'भरणे' आहे ते कळेल. खुंटाच्या, म्हणजे ज्या झाडात डोळा बसवायचा त्याच्या, सालीवर इंग्रजी टी आकाराची चीर घ्यायची. चाकूच्या मागच्या बाजूने सालीचे दोन्ही पदर अलगद उचलायचे. डोळकाडीवरून, म्हणजे हव्या त्या जातीच्या डोळे असलेल्या फांदीवरून, ढालीच्या आकाराचा सालीचा तुकडा डोळ्यासकट काढायचा आणि तो त्या चिरेत वरून खाली सरकवायचा. पट्टीने बांधताना डोळा तेवढा उघडा ठेवायचा. खिसा भरावा तशी ती चीर भरली जाते. साल सुटत नसेल तर खिसाच उघडत नाही, म्हणून तुमच्या उताऱ्यातली ती अट.

तेव्हा तिथे "गुलाबाचा डोळा भरावा" एवढं लिहा. तळटीप लागणार नाही.

प्रतिसाद ४

प्रतिसाद ३ वाचून एक धागा जुळला. १७१४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात कॉन्स्टँटिनोपलमधल्या एका प्रथेचा वृत्तांत छापून आला. देवीच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या कातडीत चीर देऊन सोडायचा, म्हणजे सौम्य देवी येऊन जातात आणि पुढे मोठा आजार होत नाही. वृत्तांताच्या शीर्षकातच या कृतीला दोन नावं होती: 'इन्सिजन' किंवा 'इनॉक्युलेशन'. चीर पाडणे किंवा डोळा भरणे. साल उचलून आत जिवंत काहीतरी बसवायचं, ही नक्कल डोळ्यांसमोर ठेवूनच वैद्यकाने शब्द माळ्याकडून उचलला.

इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये देवीऐवजी गोस्तनदेवीचा (गाईंना होणाऱ्या सौम्य देवीचा) द्रव वापरला, आणि गाईच्या लॅटिन नावावरून 'व्हॅक्सिन' आलं. १८८१ मध्ये लुई पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ सुचवलं की रोग कुठलाही असो, शब्द 'व्हॅक्सिन'च ठेवावा. गाय मागे पडली, शब्द पुढे गेला.

आपल्या 'लस' या शब्दाचं थेट असंच झालं. जखम चिघळली की "लस येते" म्हणतो ना, तीच ही लस: पातळ, चिकट स्राव. गोस्तनदेवीच्या फोडातून निघायची ती अक्षरशः लस होती आणि एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर जायची. त्या काळच्या लोकांना 'लस टोचली' यात काहीच पारिभाषिक वाटलं नसणार. आज तो द्रव कुपीतून येतो, त्यात जंतू तर सोडाच, कधीकधी नुसता आरएनए असतो, तरी ती लसच. मराठी पारिभाषिक शब्दांत इतका मुरलेला शब्द मला दुसरा आठवत नाही.

एक बारीक गोष्ट: 'टोचणे' आणि 'लस' नेहमी बरोबर जात नाहीत. पोलिओचे थेंब कोणी टोचत नाही, ते पाजतात. आणि जुन्या पिढीच्या तोंडी टोचणं नव्हतंच, "देवी काढल्या" असं होतं. तुमच्या पुस्तकात जेन्नरच्या आधीची प्रथा आली असेल तर तिथे 'लसीकरण' लिहू नका. तो द्रव खऱ्या देवीचा होता, त्याने माणसं दगावतही. 'देवी टोचणे' म्हटलं तर निदान फरक राहतो.

प्रतिसाद ५

आता बशीचं बघू, म्हणजे जिवाणू वाढवायला आगरचं थिजलेलं माध्यम ओतलेल्या बशीचं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वर्गात आम्ही "प्लेट इनॉक्युलेट करा", नाहीतर "स्ट्रीक करा" असंच म्हणतो, उगाच खोटं कशाला सांगू. पण लिहायची वेळ आली की माझा शब्द विरजण.

विरजण म्हणजे काय? जिवंत सूक्ष्मजीवांचा थोडासा भाग, जो तयार माध्यमात घातला की सगळं माध्यम आपलंसं करतो. 'इनॉक्युलम'ची याहून नेमकी व्याख्या पाठ्यपुस्तकातही नाही. मोठ्या किण्वनटाकीत तर ही गोष्ट आकड्यांत दिसते. १०,००० लिटरची टाकी थेट परीक्षानळीतून सुरू होत नाही. १० टक्क्यांचं विरजण धरलं तर आधी १,००० लिटर वाढवलेला द्रव हवा, त्याला १०० लिटर, त्याला १०, त्याला १. शिवाय ते विरजण जोमाने वाढत असतानाच पुढे घालायचं. शिळं झालं की पुढची टाकी सुस्तावते. जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घ्यायचं तंत्र १९७८ मध्ये जमलं आणि १९८२ मध्ये त्या औषधाला मान्यता मिळाली. ते आजही अशाच पायऱ्या चढत टाकीत पोचतं. गंमत म्हणजे उद्योगात या मधल्या टाक्यांना 'सीड टँक' म्हणतात. इंग्रजी पुन्हा शेतात!

बशीवर मात्र विरजण म्हणवत नाही. तिथे तारेचा लूप ज्योतीत लाल करायचा, निववायचा, जिवाणूंच्या वसाहतीला (एका जागी वाढलेल्या ठिपक्याला) टेकवायचा आणि आगरवर रेघा ओढायच्या. (निववायचा हे मी पहिल्या वर्षी विसरले होते. चर्र असा आवाज आला आणि बशीवर दुसऱ्या दिवशी काहीही उगवलं नाही.) तुमच्या वाक्यात "बशीवर जिवाणूंच्या रेघा ओढून" लिहिलं तर पुरे.

प्रतिसाद ६

विरजण शब्द छान, पण त्याचा दुसरा अर्थ विसरू नका. "उत्साहावर विरजण पडलं." उद्या मथळा आला की 'कर्करोगावरील संशोधनाला नवं विरजण', तर लोक हळहळतील.

प्रतिसाद ५, पुन्हा

पडतं ते वाईट, लावतात ते चांगलं. क्रियापद सांभाळलं की झालं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार, पण माझी अडचण वाढली! एक शब्द मागितला होता, तुम्ही डोळा, लस, विरजण आणि रेघा दिल्यात. संपादकांना काय सांगू? शिवाय सोयाबीन अजून तसंच पडलं आहे. कृषीच्या माहितीपत्रकांत 'जिवाणू संवर्धकाची बीजप्रक्रिया' असं दिसतं. ते चालेल?

प्रतिसाद ७

चालेल, कारण शेतकऱ्याच्या कानाला ते सरावलेलं आहे. पण 'संवर्धक' हा शब्द मला कायम खटकतो. संवर्धक म्हणजे वाढवणारा. पाकिटात तर खुद्द रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी आणणारे जिवाणू, असतात, त्यांना वाढवणारं कोणी नव्हे. शिवाय कल्चरलाही संवर्धन, जंगल राखण्यालाही संवर्धन. असो, ती वेगळी चर्चा. प्रत्यक्ष काम म्हणाल तर जिवाणू चिकट द्रावणात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळतात आणि सावलीत सुकवतात, कारण उन्हात ते मरतात. "बियाण्याला रायझोबियम चोळल्यास" लिहा.

प्रतिसाद ८

पेशाने भाषेचा माणूस आहे, विज्ञानाचा नाही, त्यामुळे उशिरा तोंड उघडतो. तुम्ही सगळे नामं शोधता आहात. मराठीची ताकद इथे क्रियापदात आहे. प्रतिसाद ५ मध्ये ते येऊन गेलंही: विरजण *लावतात*. रोप लावतात. कलम लावतात. त्यावरूनच लावणी, लागवड आणि लागण. आता 'लागण' हा शब्द नीट बघा. उसाची लागण होते आणि रोगाचीही लागण होते. शेत आणि दवाखाना एका शब्दात आणायला इंग्रजीला लॅटिन डोळा उसना घ्यावा लागला. आपल्याकडे ते रोजच्या बोलण्यात बसलेलं आहे.

आणि इंग्रजीत नसलेली एक सोय वर मिळते. 'लावणे' सकर्मक, 'लागणे' अकर्मक. हेतूने केलं ते लावलं, आपसूक झालं ते लागलं. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगची १९२८ मधली ती प्रसिद्ध बशी घ्या. तिच्यात स्टॅफिलोकोकस जिवाणू त्याने *लावले* होते. पेनिसिलियमची बुरशी *लागली*. पुढे दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन टाक्यांतून काढायला सुरुवात झाली, तेव्हा पेनिसिलियमचीच बुरशी *लावली* जाऊ लागली. त्या शोधाचा सगळा इतिहास एका अक्षराच्या फरकात मावतो.

प्रतिसाद ९

प्रतिसाद ८ सुंदर आहे, पण वनस्पतीरोगशास्त्रातून एक आडकाठी घालते. आमच्याकडे 'इनॉक्युलम' आपसूकही असतो. गेल्या हंगामाच्या पालापाचोळ्यात टिकून राहिलेले बुरशीचे बीजाणू, ज्यांच्यापासून पुढची साथ सुरू होते, त्यांनाही इंग्रजीत हाच शब्द. तिथे कोणी काही लावलेलं नसतं. मराठीत मी 'रोगाचं बीज' म्हणते आणि 'प्राथमिक लागण', 'दुय्यम लागण' असे टप्पे करते. म्हणजे तुमच्याच 'लागणे'कडे येते म्हणा, पण हेतूचा निकष इंग्रजी मुळात पाळत नाही एवढं ध्यानात ठेवा. मूळ मजकूर वाचून ठरवावं लागेल.

प्रयोगशाळेत मात्र आम्ही लावतो. तंबाखूच्या मोझेक विषाणूचं बघा. पानावर कार्बोरंडम या खरखरीत पदार्थाची बारीक भुकटी भुरभुरायची, रोगट पानाचा रस बोटाने हलकेच चोळायचा, लगेच पाण्याने धुवायचं. भुकटीने पेशींवर अदृश्य ओरखडे उठतात आणि विषाणूला तेवढी फट पुरते. हा रोगकारक जिवाणूपेक्षा वेगळा काहीतरी आहे, असं १८९८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायेरिंकने मांडलं. सोयाबीनवाल्यांना हे आवडेल: मुळांच्या गाठींतले जिवाणू १८८८ मध्ये वेगळे काढून वाढवणाराही तोच. दोन्ही कामांत इनॉक्युलेशन, आणि मराठीत दोन्हीकडे चोळणं.

आणि कळफलक ठेवायच्या आधी एक खरी परीक्षा. तंबाखूच्या नात्यातलं एक रोप आहे, निकोशियाना बेंथामियाना. त्यात अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू सोडतात. तो आपल्यासोबत आणलेलं जनुक पानातल्या पेशींना देतो, पेशी ते वाचून प्रथिन बनवतात, काही दिवसांत पानं तोडून प्रथिन वेगळं करतात आणि त्यापासून लस. कोविडची अशी एक लस २०२२ मध्ये कॅनडात मान्य झाली. आता हे सगळं इंग्रजीत दोनदा 'इनॉक्युलेट' वापरून एका वाक्यात सांगता येतं. मराठीत सांगून दाखवा. अट एवढीच की रोपाच्या बाबतीत 'टोचणे' नको. प्रयोगशाळेत सिरिंज वापरतात, पण तिला सुई नसते, ती पानाच्या पाठीला नुसती टेकवून द्रव आत दाबतात. मोठ्या प्रमाणावर करताना रोपं द्रावणात उलटी बुडवून निर्वात पोकळी निर्माण करतात आणि मग हवा परत सोडतात, की द्रव पानात शिरतो.

प्रतिसाद ३, पुन्हा

जिरवणे! जमिनीत पाणी जिरवतो तसं पानात जिरवलं.

मूळ प्रश्नकर्ती

संपादकांशी बोलले. एक संज्ञा-एक शब्द हा हट्ट त्यांनी सोडला, पण शब्दसूचीत 'इनॉक्युलेशन'खाली सगळी क्रियापदं एकत्र द्यायची, असं ठरलं: भरणे, टोचणे, लावणे, चोळणे, जिरवणे. 'संरोपण'ही कंसात राहील, प्रतिसाद १ च्या मानासाठी.

सुधारलेली वाक्यं अशी:

"पेरणीपूर्वी सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम चोळल्यास मुळांवर गाठी चांगल्या येतात."

"आगरच्या बशीवर जिवाणूंच्या रेघा ओढून ती ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवावी."

"साल सहज सुटत असेल तेव्हाच गुलाबाचा डोळा भरावा."

आणि परीक्षेचं उत्तर: "रोपाच्या पानात जिवाणू जिरवायचे आणि त्या पानातून निघालेली लस माणसाला टोचायची." गुण किती?

प्रतिसाद ९

पैकीच्या पैकी नाही. पानातून थेट लस निघत नाही, प्रथिन निघतं. "त्या पानातल्या प्रथिनाची लस" असं करा, मग देते.