कॅनडात कायमचं जाताना: उतरण्याच्या दिवशी हाताशी काय काय हवं?

कोथरूड_ते_मिसिसागा
नमस्कार मंडळी. आमचा कॅनडाचा पीआर (कायम वास्तव्याचा हक्क) मंजूर झाला आहे. पासपोर्टवर व्हिसा लागला, सीओपीआरचे, म्हणजे पीआर मिळाल्याच्या पुष्टीचे कागदही हातात आले. मी, बायको आणि सात वर्षांची मुलगी, मुंबईहून युरोपमार्गे टोरांटो. प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा. पुस्तकं, पितळी भांडी, समई वगैरे वर्षभरानं बोटीनं मागवू. दागिने थोडे सोबत, थोडे नंतर. या मागून येणाऱ्या सामानाचं कस्टम्सला काय सांगायचं? मिक्सर न्यावा का? आणि इथली बँक, फ्लॅट यांचं काय करून निघावं? एजंट नुसतं "सगळं होऊन जाईल" म्हणतो, म्हणून इथं विचारतोय.

लेकशोर
अभिनंदन! आधी सामानाच्या यादीचं लिहितो. बाकीची बरीच कामं मागाहून निस्तरता येतात, हे नाही.

पहिल्यांदा उतराल त्याच दिवशी कस्टम्सला दोन याद्या द्यायच्या: एक सोबतच्या सामानाची, दुसरी मागून येणाऱ्या सामानाची. फॉर्म बीएसएफ १८६. जुन्या लेखांत तो बी ४ नावानं सापडेल. घरूनच भरून, दोन-दोन प्रती काढून न्या. अधिकाऱ्यानं मंजूर केलेली प्रत जपून ठेवा, बोटीचं सामान सोडवताना तीच लागते. दुसऱ्या यादीत नसलेली वस्तू नंतर आली तर तिच्यावर ड्यूटी आणि कर लागू शकतो. म्हणून एखादी वस्तू मागवू की नाही असं वाटत असेल, तरी लिहून ठेवा. लिहून मागवली नाही तर काही बिघडत नाही.

"स्वयंपाकघरातलं सामान" असं मोघम लिहू नका. "पितळी समई, २ नग, किंमत अमुक कॅनेडियन डॉलर" असं लिहा. विजेच्या वस्तूंचा मेक, मॉडेल आणि सीरियल नंबर टाका.

अट अशी की वस्तू येण्याआधीच तुमच्या मालकीची, ताब्यातली आणि वापरलेली हवी. नव्या कोऱ्या साड्या न्यायच्या असतील तर निघण्याआधी त्यांची घडी मोडून घ्या. करमुक्त आणलेली वस्तू पहिल्या वर्षात विकली किंवा कुणाला दिली तर कर भरावा लागतो. एका वस्तूची किंमत १०,००० कॅनेडियन डॉलरच्या वर असेल तर वरच्या रकमेवर ड्यूटी आणि कर बसतो.

पैशांचं वेगळं. रोख, ड्राफ्ट वगैरे मिळून १०,००० डॉलर किंवा जास्त असतील तर विमानतळावर सांगावंच लागतं. सांगितल्यानं कर लागत नाही, न सांगितल्यानं रक्कम जप्त होऊ शकते.

पिअर्सन_टर्मिनल
कागद केबिन बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये नाही. सीओपीआरवर आधी सही करू नका, ती अधिकाऱ्यासमोर करायची असते. त्यावरची उतरण्याची शेवटची तारीख वाढवून मिळत नाही. मेडिकल तपासणीची किंवा पासपोर्टची, जी मुदत आधी संपते त्यावर ती सहसा बेतलेली असते. तिकीट काढण्याआधी तिघांच्याही तारखा बघा, मुलीचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो.

मुंबई ते टोरांटो एकाच पीएनआरवर घ्या. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडली तर युरोपात बॅगा उतरवून घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, म्हणजे इमिग्रेशन ओलांडून बाहेर. त्याला शेंगेन व्हिसा हवा. तो नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच अडवतात.

पीआर कार्ड टपालानं येतं, म्हणून कॅनडातला खात्रीचा पत्ता द्या. सुरुवातीला भाड्याच्या खोलीत राहणार असाल तर ओळखीच्यांचा द्या. पत्ता १८० दिवसांत कळवला नाही तर पहिलं मोफत कार्ड हातचं जातं, मग अर्ज आणि फी. कार्ड येईपर्यंत भारताची फेरी ठरवू नका. कार्डाशिवाय परतीच्या विमानात चढू देत नाहीत, मग भारतातून वेगळा प्रवास-दाखला काढत बसावं लागतं.

मुलीच्या लसीकरणाचं कार्ड विसरू नका. ऑन्टॅरिओत शाळेसाठी त्याची नोंद मागतात. ओहिपला (ऑन्टॅरिओच्या सरकारी आरोग्य विम्याला) मात्र आता तीन महिन्यांची वाट नाही, ती अट २०२० मध्ये गेली.

वाटणघाटण
मिक्सर नेऊ नका. तिथं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. आपला मिक्सर तिथं नुसता गुरगुरतो, ओलं खोबरंसुद्धा वाटलं जात नाही. ७५० वॉटच्या मिक्सरला चालू होतानाचा झटका धरून किमान १५०० वॉटचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो मिक्सरपेक्षा जड. नुसत्या पिन बदलणाऱ्या अडॅप्टरनं व्होल्टेज बदलत नाही. भारतीय पद्धतीचे ११० व्होल्टचे मिक्सर टोरांटोच्या आसपास सहज मिळतात. मोबाईल-लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, ते खुशाल न्या. कुकर न्या, पण इंडक्शनवर चालेल अशा बुडाचा, आणि जादा गॅस्केट व सेफ्टी व्हॉल्व्ह घेऊन.

गोडा मसाला, मेतकूट, भाजणी पॅकबंद करून, वर नाव लिहून न्या आणि कस्टम्सच्या प्रश्नाला "खाद्यपदार्थ आहेत" असंच उत्तर द्या. दंड न सांगितल्याचा होतो. तुळशीचं रोप, पेरायच्या बिया, माती अजिबात नको. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या चेक-इनमध्ये भरू नका. तेलामुळे पेट घेण्याचा धोका म्हणून बॅग उघडून काढून घेतात. पॉवर बँक केबिनमध्येच.

कोथरूड_ते_मिसिसागा
फार मोलाची माहिती, मनापासून आभार. दागिन्यांची यादी कशी करायची? पाटल्या, तोडे, मंगळसूत्र असा एक संच धरायचा का?

लेकशोर
संच धरू नका, १०,००० डॉलरची मर्यादा वस्तूगणिक आहे. प्रत्येक नगाचं वर्णन, ग्रॅममध्ये वजन आणि किंमत वेगवेगळी. सराफाकडून मूल्यांकन करून घ्या आणि प्रत्येकाच्या फोटोवर त्याची तारखेसह सही घ्या. "सोन्याची बांगडी" एवढ्यावरून ती तीच बांगडी हे नंतर पटवता येत नाही. मागून येणारे दागिने दुसऱ्या यादीत.

मुद्रांक
फ्लॅटचं कुलमुखत्यारपत्र इथंच, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून निघा. तिथून करायचं तर वकिलातीत साक्षांकन, मग मूळ कागद कुरिअरनं इकडे, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क. ही मुदत हमखास विसरली जाते आणि ऐन विक्रीच्या वेळी नोंदणी अडते. विक्रीचा अधिकार द्यायचा नसेल तर फक्त भाडेकरार, सोसायटी आणि मालमत्ता कर एवढीच कामं स्पष्ट लिहा.

बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही. म्युच्युअल फंडांना आधीच विचारा, बरीच फंड घराणी कॅनडातल्या माणसाची नवी गुंतवणूक घेत नाहीत. बँकेशी आणि आधारशी जोडलेलं सिम जिवंत ठेवा: इंटरनॅशनल रोमिंग इथूनच सुरू करून घ्या, रिचार्ज खंडू देऊ नका. ओटीपी आला नाही तर तिथून काहीच हलत नाही.

आणि वहिनींच्या पदव्या माहेरच्या नावानं असतील तर विवाह नोंदणी दाखल्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती जवळ ठेवा. विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्टचे (सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत नोंदीचे) दोन जादा संचही आताच काढून घ्या. नोकरीसाठी लागणाऱ्या व्यावसायिक परवान्यांसाठी ते पुन्हा मागतात, आणि कॅनडात बसून मागवायला फार वेळ जातो.