शब्दचर्चा : ‘अनुकूलन’, ‘उघाडी’ आणि २०८०ची मुंबई

विज्ञानकथा लिहितोय. २०८० साल, परळ-दादरचा सखल भाग. उधाणाच्या दिवसांत भरतीचं पाणी रोज दोनदा आत शिरू बघतं आणि माणसं तिथंच राहतात. एक वाक्य अडलंय : ‘या वस्तीने हवामान बदलाशी अनुकूलन साधलं होतं.’ मोठ्याने वाचलं तर शासननिर्णय वाचतोय असं वाटलं. कथेतली मुख्य बाई पासष्टीची आहे, समुद्राच्या तोंडाशी असलेली पाण्याची दारं सांभाळते. ती ‘अनुकूलन’ म्हणणार नाही. मग काय म्हणेल? आणि त्या दारांना काय म्हणेल? महापालिकेचे ‘पातमुख’ (नाला समुद्राला मिळतो ते तोंड) आणि ‘उदंचन केंद्र’ (पाणी उपसण्याचं केंद्र) ठाऊक आहेत, पण तिच्या तोंडी बसत नाहीत.

⁂

आधी ‘अनुकूलन’ची थोडी बाजू घेतो. कूल म्हणजे काठ. अनुकूल म्हणजे काठाला धरून जाणारं आणि प्रतिकूल म्हणजे त्याच्या उलट. म्हणजे तुमच्या कथेतलं पाणी या शब्दात आधीपासूनच आहे. ‘उदंचन’सुद्धा वाटतो तितका रुक्ष नाही; संस्कृतात पाणी उपसायच्या बादलीला उदंचन म्हणतात. कोट्यवधींचे पंप बसवून आपण नाव ठेवलंय बादलीघर!

घोळ वेगळाच आहे. ‘अनुकूलन’ म्हटलं की लोकांना आठवतं ‘वातानुकूलन’. तिथे हवा आपल्याला हवी तशी करून घ्यायची. हवामान बदलाच्या अनुकूलनात बदलायचं आपण. एकच शब्द दोन उलट्या दिशांना ओढला जातोय. कथेत एखाद्या पात्राने हा गोंधळ घातला तर मजा येईल.

⁂

मग ‘जुळवून घेणं’ म्हणा की. साधं, सगळ्यांना कळणारं.

⁂

‘जुळवून घे’ हे लग्न ठरलेल्या मुलीला सांगतात. त्यात हार मानल्याचा वास येतो. त्यापेक्षा ‘वारा पाहून पाठ द्यावी’ बरं, त्यात निदान डोकं चालवलेलं दिसतं.

⁂

मी खारेपाटातला, अलिबाग-पेणच्या मधला. दारांचं नाव आमच्याकडे तयार आहे : उघाडी. आमची भातशेती भरतीच्या पातळीच्या खाली. खाडीच्या बाजूचा मोठा बांध तो बाहेरकाठा, आणि त्यात बसवलेली उघाडी. लाकडी झाप वरच्या बाजूला टांगलेली असते. भरती चढली की बाहेरचं पाणी तिला दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तीच झाप ढकलून खाडीत जातं. वीज नाही, मोटर नाही. लहानपणी आजोबांबरोबर जायचो तेव्हा ते झापेच्या फटीत हात घालून अडकलेली काटकी, चिंध्या, एकदा तर चप्पल काढायचे. बोटभर काटकी अडकली तरी झाप पुरती मिटत नाही आणि रात्रीच्या भरतीला खारं पाणी शेतात. बांध फुटून वाट पडली की ‘खांड गेली’ म्हणतात. तेव्हा ज्याचं शेत त्याने बघावं असं नसतं, अख्खा गाव चिखल घेऊन धावतो. पूर्वी बाहेरचे बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदारांवर, म्हणजे खाडीकाठची जमीन लागवडीखाली आणणाऱ्या जमीनदारांवर असे.

तुमची बाई ही काटकी काढणारी आहे. तिला ‘अनुकूलन’साठी नाम लागणारच नाही. ती म्हणेल, ‘बांध घातला, उघाडी बसवली, राहिलो.’

⁂

गोव्यात यालाच ‘मानस’ म्हणतात आणि त्या जमिनींना ‘खाजन’. मानशीच्या तोंडाशी जाळं लावून मासळीही धरतात, म्हणजे एकाच दारावर भात आणि हुमण दोन्ही. कथेत घ्याच.

⁂

एक तांत्रिक अडचण. उघाडी ओहोटीच्या भरवशावर चालते. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकदम आली की झाप बंद आणि आतलं पाणी आतच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा भरतीनेही वाट अडवली होती. म्हणून तर शहराला उपसा लागतो. समुद्राची पातळी वाढली की ओहोटीची ती सवडच कमी होत जाणार. म्हणजे २०८०च्या बाईला उघाडीही लागेल आणि बादलीघरही.

⁂

(मूळ प्रश्नकर्ता) ‘उघाडी’ घेतली! ‘बादलीघर’ तर चोरलंच. शंका एकच : परळची बाई खारेपाटातला शब्द का वापरेल?

⁂

का नाही? गिरणगावात कोकणातली माणसं मोठ्या संख्येने आली. शिवाय मुंबईला खांड नवी नाही. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधून समुद्र आत घुसायचा, ती वाट १७८०च्या दशकात गव्हर्नर हॉर्नबीच्या बांधाने बुजवली. त्या बांधाचं ‘वेलार्ड’ हे नावही पोर्तुगीज शब्दावरून आलंय, अर्थ बांधच. ब्रीच कँडीतलं ‘ब्रीच’ म्हणजे तीच खांड. ‘कँडी’ हे ‘खिंड’वरून आलं असं काही जण सांगतात. तुमच्या बाईने ‘अरे, ती कँडी नाही, खांडी’ असं ठणकावलं तर व्युत्पत्ती म्हणून मी भांडेन, संवाद म्हणून नाही.

⁂

(मूळ प्रश्नकर्ता) वाक्य आता असं झालंय : ‘अमावास्या होती. तिने उघाडीच्या फटीत हात घातला, प्लास्टिकची दोरी ओढून काढली आणि झाप मिटल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभी राहिली.’ अनुकूलन गेलं.

⁂

‘मिटल्याचा’ नको, ‘बसल्याचा’ करा. झाप बसते.