मोठा कॅम, हलकं फ्लायव्हील : एसी लावला की आयडल कोसळतं

कॅमवेडा
१६०० सीसी, चार सिलिंडर, टर्बो नाही. जास्त ड्युरेशनचा कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा), हलकं फ्लायव्हील, मोठे इंजेक्टर, स्टँडअलोन ईसीयू (इंजिन चालवणारा, स्वतः ट्यून करता येणारा वेगळा कॉम्प्युटर). एसी बंद असताना आयडल (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) ९५० आरपीएमवर छान बसतं. एसी लावून कॉम्प्रेसरचा क्लच टक्कन बसला की आरपीएम ५५० वर, मग उसळून १४००, मग खालीवर चालूच. कधी कधी इंजिन बंदच पडतं. आयडलची हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा गेन (आरपीएम हलला की किती जोरात सावरायचं ते) वाढवला तर हे खालीवर होणं, म्हणजे हंटिंग, आणखी वाढलं. सरळ १२०० वर आयडल ठेवू का?

स्लोजेट
नको. एसी नसतानाही इंजिन उगाच १२०० वर फिरत राहील. आधी कुठून हवा ओढत नाहीये ना, ते बघा.

टायमिंगकाका
गेन होता तिथे परत आणा. गेन काम करतो तो आरपीएम पडल्यावर, आणि हलक्या फ्लायव्हीलमध्ये तेवढी सवड नसते. व्हॉल्व्हमधून आलेली जादा हवा मॅनिफोल्ड भरून सिलिंडरपर्यंत पोचेस्तोवर आरपीएम कोसळलेला असतो. एसी लागणार आहे हे ईसीयूला क्लच बसायच्या आधी कळलं पाहिजे.

म्हणून आधी हे सांगा : एसीच्या बटणाची वायर थेट कॉम्प्रेसरच्या रिलेला जाते का? जात असेल तर बाकीचं ट्यूनिंग वाया. बटण ईसीयूच्या इनपुटला द्या, रिले ईसीयूच्या आउटपुटवरून चालवा. गॅसचा प्रेशर स्विच मात्र सर्किटमध्ये राहिलाच पाहिजे. मागणी आली की व्हॉल्व्ह ठरावीक टक्के उघडेल, आयडलचं टार्गेट १००-१५० आरपीएमने वर जाईल आणि साधारण अर्ध्या सेकंदाने क्लच बसेल. किती टक्के, ते इंजिनलाच विचारा : क्लोज्ड लूप (आरपीएम बघून ईसीयूने आपोआप सावरणं) बंद करा, एसी चालू ठेवा आणि आरपीएम नव्या टार्गेटवर टिकेल इतकाच व्हॉल्व्ह उघडा.

स्पार्कचं टायमिंगही बघा. हवेला वेळ लागतो, स्पार्कचा परिणाम पुढच्याच फायरिंगला दिसतो. आयडलला टायमिंग शेवटपर्यंत पुढे नेलं असेल तर वाढवायला काही उरत नाही. १४-१५ अंशांवर ठेवून बघा. मोठ्या कॅमला थोडं जास्त लागतं, पण चार-पाच अंश राखीव हवेतच.

आता पेट्रोल. भार आला की मॅप (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब) वाढतो, समजा ४५ वरून ५५ केपीएवर. बहुतेक जण पेट्रोलच्या टेबलमधला आयडलचा एकच सेल (चौकट) घोटत बसतात आणि शेजारचे तसेच सोडतात. आरपीएम पडून इंजिन तिथे गेलं आणि मिश्रण लीन (पेट्रोल कमी) असलं की टॉर्क अजून घटतो, इंजिन बंद. ५०० आणि ७०० आरपीएमच्या रांगासुद्धा नीट भरा. ओव्हरलॅपमुळे (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असल्यामुळे) न जळलेली हवा एक्झॉस्टमध्ये निसटते आणि वाइडबँड (मिश्रण मोजणारा सेन्सर) आहे त्याहून लीन दाखवतो. त्या आकड्यामागे धावून पेट्रोल ओतू नका. मॅप सर्वांत कमी येतो आणि इंजिन सर्वांत शांत चालतं, तिथे थांबा.

कॅमवेडा
काका, वायर थेट रिलेलाच होती. ईसीयूतून घेतली, शेजारचे सेल भरले. आता क्लच बसताना आरपीएम ९०० च्या खाली जात नाही! फक्त रेडिएटरचा फॅन लागला की हलका झटका बसतो आणि मिश्रण क्षणभर लीन होतं.

टायमिंगकाका
वा, झकास! आता लॉगमध्ये व्होल्टेज बघा. फॅन सुरू होताना ते पडतं आणि इंजेक्टर उघडायला जास्त वेळ घेतो. तुमचे इंजेक्टर मोठे, म्हणजे आयडलला पल्स (इंजेक्टरला उघडं राहायला दिलेला वेळ) जेमतेम दीड मिलिसेकंदाची असणार. त्यातले ०.१५ गेले तर दहा टक्के गेले. ईसीयूत डेड टाइमचा (इंजेक्टर उघडण्यात जाणाऱ्या वेळेचा) अंदाजे आकडा असेल तर तो काढून त्याच इंजेक्टरचा व्होल्टेजनुसार तक्ता भरा. मग आयडलचे सेल पुन्हा जुळवावे लागतील. फॅनही ईसीयूवरून घेऊन क्लचच्या थोडा आधी लावा, दोन्ही भार एकाच क्षणी नकोत. नवा लॉग इथे टाका, मी बघतो.